आप्पांची नळी आणि राखणदाराचं माप

दिवेआगरच्या महादेवआप्पांनी आयुष्यात खरी गोष्ट कधी सांगितलीच नव्हती असं नाही. सांगितली होती, पण कुणी ती खरी धरली नाही. तरुणपणी ते वाडीतल्या पहिल्या पोफळीवर चढत, झाडाला झोका देऊन दुसरीवर जात, दुसरीवरून तिसरीवर, आणि जमिनीला पाय न लावता थेट समुद्राकडच्या कुंपणाशी उतरत. हे खरं होतं. पण सांगताना ते कुंपणाशी थांबत नसत. कधी बोर्ली पंचतनच्या बाजारात उतरत, आणि ऐकणारा मुंबईचा पाहुणा असला तर थेट हरिहरेश्वराच्या देवळाच्या आवारात, तेही आरतीच्या वेळेला.

त्याच पायांपैकी उजव्यावर आता संकट आलं होतं. चक्रीवादळात सगळी वाडी आडवी झाली, तेव्हा आप्पांनी पोफळीची नवी रोपं लावली. औंदा त्यांना पहिला घड धरायचा होता. रोपांना आधार दिलेल्या बांबूचा एक तुटका खुंट आप्पांच्या तळव्यात घुसला. अंगात साखर असल्यामुळे दुखलं बेताचंच, आणि वाडीत चप्पल घालणं म्हणजे देवघरात चप्पल घालणं असं मानणारा माणूस, त्यामुळे जखम कुणाला दिसलीही नाही. दिसली तेव्हा घाण हाडापर्यंत गेली होती. मोठ्या हॉस्पिटलात एक बोट काढलं. डॉक्टर म्हणाले, हाडातलं उरलेलं विष मारायला रोज शिरेतून औषध गेलं पाहिजे, काही आठवडे, एकही दिवस न चुकता. औषध तुटलं तर पुढे काय, असं आप्पांनी विचारलं. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि पावलावर आडवी रेघ ओढली.

ती रेघ आप्पांनी घरी आल्या आल्या साबणाने धुतली. तरी मोजा काढला की त्यांना ती दिसे.

रोज नवीन सुई टोचायला नको म्हणून हॉस्पिटलात त्यांच्या डाव्या दंडातून एक बारीक लांब नळी घातली होती. ती आतल्या आत पार हृदयाच्या दाराशी जाऊन थांबली होती. बाहेर राहिली होती तिची वीतभर शेपटी. टोकाला बूच आणि मधे एक छोटा चिमटा. शेपटी लोंबू नये म्हणून वरून जाळीची घट्ट बाही. या नळीतून औषध कसं द्यायचं ते सुनेला, गौरीला, वॉर्डातल्या सुचिता सिस्टरनी शिकवलं होतं. गौरी बोर्लीच्या शाळेत गणित शिकवायची. मुलगा अजेय नोकरीला मुंबईत, तेव्हा हे काम तिच्याकडेच आलं.

रोज सकाळी शाळेत जायच्या आधी तिचा सोहळा चाले. हात कोपरापर्यंत धुवायचे. बूच स्पिरिटच्या बोळ्याने घासायचं, वाळू द्यायचं. मग सलाइनची सिरिंज, हलक्या हाताने, जरा ढकलून जरा थांबून. मग औषध. मग परत सलाइन. आणि सगळ्यात शेवटी हेपारिनची सिरिंज, नळीच्या पोटात रक्त गोठून बसू नये म्हणून. हे हेपारिन अगदी पातळ असायचं, नळीपुरतं. कारखान्यातूनच सिरिंजमध्ये भरून, सीलबंद. सुचिता सिस्टरनी निघताना दोन गोष्टी बजावल्या होत्या. नळी अडली तर जोर लावायचा नाही, आणि जे आपल्या डोळ्यांदेखत उघडलेलं नाही ते आत घालायचं नाही.

आप्पांना आणि त्यांच्या बायकोला, गोदावरीकाकूंना, या सोहळ्यातली एकच गोष्ट पटत नसे. वापरलेली प्रत्येक सिरिंज गौरी फेकून देई. ज्या घरात नारळाचं पाणी पितात, खोबरं खातात, करवंटी बंबात घालतात, सोडणाचा काथ्या करतात आणि हिरांची केरसुणी बांधतात, त्या घरात असली चकचकीत वस्तू एकदा वापरून टाकायची म्हणजे काय? काकूंनी गौरीच्या नकळत एक सिरिंज धुऊन शिवणयंत्राला तेल घालायला ठेवली होती.

आप्पांनी मात्र नळीचा वेगळाच उपयोग शोधला. शेजारच्या घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयीला आलेले पाहुणे वाडी बघायला आले, की आप्पा बाही खाली सारून शेपटी बाहेर काढून दाखवत. ही नळी थेट काळजात गेली आहे, म्हणत. पुनवेला भरती आली की हिच्यात लाट आपटल्याचं कळतं, म्हणत. एका बाईंनी खरंच कान लावला, आणि लाट ऐकू आली असं वर सांगितलं.

एका सकाळी गौरीने सलाइनची सिरिंज लावली आणि दट्ट्या हलेना. तिने चिमटा उघडा आहे ना ते पाहिलं. आप्पांना हात सरळ करायला सांगितला, खोकायला सांगितलं. पुन्हा अलगद अंगठा टेकवला. दट्ट्या तिथेच. तिने सिरिंज काढली, बूच पुसलं, चिमटा बंद केला आणि सुचिता सिस्टरना फोन लावला. लागला नाही. शाळेत त्या दिवशी वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर होता आणि ते गठ्ठे तिच्याच ताब्यात होते. मी बोर्लीतून फोन करत राहते, म्हणाली. जेवायच्या वेळेला परत येते, तोवर नळीला कुणी हात लावायचा नाही. नाहीच सुटली तर संध्याकाळच्या आत हॉस्पिटलात.

हॉस्पिटल म्हटल्यावर आप्पांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर आले नाहीत. पेन आलं.

ते झोपाळ्यावर बसून विचार करू लागले. आणि वाडीवाल्याचा विचार वाडीच्या वाटेनेच जातो. ठिबकच्या नळ्या अशाच तुंबतात. विहिरीच्या पाण्यातला क्षार धरतो, पाणी थेंबथेंब होतं आणि मग बंद. तेव्हा आप्पा काय करतात? नळीत चांगलं जालीम आम्ल सोडतात, घटकाभर मुरू देतात, आणि मग पंपाचा पूर्ण जोर. घाण पिचकारीसारखी बाहेर. म्हणजे गौरीची ती पातळ, मिळमिळीत औषधं इतके दिवस नळीला नुसती कुरवाळत होती. इथे जालीम पाहिजे.

वाडीत कामाला असलेल्या सदाला त्यांनी स्कूटर काढायला लावली. सदाने दोनदा विचारलं, वहिनींना ठाऊक हाय ना. आप्पा म्हणाले, तिनेच पाठवलंय. पायावर पिशवी बांधून, डावा हात छातीशी धरून ते बोर्लीला पोचले.

औषधाच्या दुकानात केतन होता. त्याने आप्पांचा कागद बघितला. नळीत घालायचं पातळ हेपारिन आपल्याकडे नसतं, म्हणाला, हे बाटलीतलं आहे, हे रोग्याच्या रक्तात द्यायचं, फार कडक, याला डॉक्टरांनी वेगळं लिहून द्यायला हवं. आप्पांनी मग डॉक्टरांचा फोन कसा आला ते सांगायला घेतलं. मुंबईहून नव्हे, विमानतळावरून. डॉक्टर परदेशी निघालेले, विमानाचं दार बंद होत आलेलं, आणि तरी त्यांनी आप्पांसाठी दोन मिनिटं काढली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. नाव तर कागदावर तेच होतं. केतनने बाटली काउंटरवर ठेवली, जपून हो आप्पा, म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन आप्पांनी भिंग काढलं. गौरीच्या रिकाम्या वेष्टनावर लिहिलं होतं, दर मिलिलिटरला दहा युनिट. या बाटलीवर पाच हजार. आप्पा खूश झाले. हे म्हणजे बोर्डोचंच काम. पोफळीवर कोळेरोग पडू नये म्हणून पावसाआधी मोरचूद आणि चुना पाण्यात मिसळून फवारतात. ते मिश्रण करण्यात आप्पांचा हात धरणारा सगळ्या किनाऱ्यावर कुणी नव्हता, आणि हेही खरंच होतं. घट्ट आहे, पातळ करायचं. यात काय मोठी विद्या?

पाय शेकायचा आहे असं सांगून त्यांनी काकूंकडून विहिरीचं पाणी उकळून घेतलं. ते निवल्यावर पडवीत बैठक मांडली. स्टीलचं पातेलं. शिवणयंत्राची सिरिंज, परत एकदा धुतलेली. बाटलीचं रबरी बूच चाकूच्या टोकाने उचकटलं. हिशेबाप्रमाणे अगदी जरासंच घातलं. मग आणखी एकदा तेवढंच घातलं, कारण त्यांच्या वाडीची रीत होती. खत असो, फवारणी असो, जे काही मिसळायचं त्यात शेवटी एक माप राखणदाराच्या नावाने जास्त. वाडी राखणारा अदृश्य देव तो, त्याचा वाटा त्याला. आप्पांच्या बापाने कधी चुकवलं नव्हतं आणि त्यांनीही नाही. मग बाटलीत तळाला बरंच उरलं. उघडी बाटली ठेवून काय करायची? तेही पातेल्यात गेलं.

सिरिंज भरून झाली. डाव्या दंडाच्या बाहीत बोट घालून आप्पांनी शेपटीचं टोक चाचपलं. मग सवयीने हाक मारली,

“सदा, कोयता आण.”

सदानेही विचारलं नाही कशाला. बोर्डो ढवळून झालं की कोयता आणायचा हे त्याला इतकी वर्षं ठाऊक होतं. लखलखीत घासलेलं पातं मिश्रणात बुडवायचं, जरा थांबायचं, बाहेर काढायचं. पात्यावर तांबडी झाक आली तर मिश्रण कच्चं, झाडाची पानं जाळेल. आणखी चुना घालायचा, पुन्हा पातं बुडवायचं. लखलखीत राहिलं तरच पंपात भरायचं. पात्याला न दाखवता आप्पांनी एका झाडावर एक थेंब कधी उडवला नव्हता.

सदाने कोयता आणला. आप्पांनी पातं पातेल्यात बुडवलं. थांबले. काढलं, उन्हाकडे धरलं. पाणी गळून गेलं. पातं होतं तसं होतं.

सदाने वाकून पाहिलं. “आप्पा, ह्ये चांगलं झालं म्हनायचं का वंगाळ?”

आप्पांनी पातेल्यात पाहिलं. मोरचुदाचा निळा रंग असतो, चुन्याचा वास असतो. आम्ल असलं तर नाक सांगतं. इथे नुसतं पाणी दिसत होतं, गौरीच्या सलाइनसारखंच, तिच्या पातळ हेपारिनसारखंच, आणि काकूंच्या उकळलेल्या विहिरीच्या पाण्यासारखंच. कडक झालं असेल तर ते डोळ्याला दिसणार नव्हतं, पात्यालाही कळणार नव्हतं. झाडाची पानं जळली तर आप्पा पुढच्या वर्षीची पालवी दाखवू शकत होते. स्वतःच्या काळजाच्या दारात गेलेल्या थेंबाचं पुढच्या वर्षी काय दाखवणार? आणि आपण घातलं तरी किती? पहिलं माप, राखणदाराचं माप, वर उरलेलं. आप्पा मनात आकडा जुळवू लागले आणि तो जुळेना.

त्यांनी सिरिंज खाली ठेवली. पण उचलावी की नाही हे अजून ठरत नव्हतं. पायातला मोजा त्यांना दिसत होता.

तेवढ्यात गौरी फाटकातून आत आली. तिने पाहिलं ते असं. सासरे पडवीत मांडी घालून, समोर पातेलं, हातात ओला कोयता, आणि पातेल्याच्या कडेला भरलेली सिरिंज. रिकामी बाटली तिने उचलली, वाचली, आणि तिचा चेहरा गणिताच्या पेपरापेक्षा कोरा झाला.

“आप्पा, आत काही गेलंय?”

“नाही.”

“खरं सांगा.”

“अगो, खरंच सांगतोय.”

आता गंमत अशी, की हे खरं होतं आणि त्यावर विश्वास ठेवायला घरात कुणी तयार नव्हतं. गौरीने सदाकडे पाहिलं. सदा म्हणाला, “न्हाय वहिनी, आईशप्पत. नुस्तं पात्याला लावलं.” हे ऐकून तिला काही कळलं नाही. तिने हात धुतले, आप्पांची बाही जरा वर करून चिमटा पाहिला. तिने सकाळी लावला होता तसाच बंद होता. मग ती पायरीवर बसली. तिने विचारलं, किती पाण्यात किती घातलंत. आप्पांनी सांगितलं. राखणदारासकट सांगितलं.

ती ओरडली नाही. वर्गात चुकलेलं गणित समजावतात तशा आवाजात बोलली. नळीत जायचं ते इतकं हलकं असतं की चुकून थोडं अंगात गेलं तरी सहसा बिघडत नाही. बाटलीतलं त्याच्या पाचशे पट. ते तसंच गेलं असतं तर अंगातलं रक्त गोठायचं विसरलं असतं. हिरड्यांतून, लघवीतून, पायाच्या जखमेतून, कुठूनही वाहिलं असतं, डोक्यात झालं असतं तर आपल्याला कळलंही नसतं. पातळ करणं हा घरी करायचा उद्योगच नव्हे. आणि तुमचं गणित बरोबर आलं असतं तरी विहिरीचं पाणी तुम्ही हृदयात सोडणार होतात.

“उकळलेलं,” काकू दारातून म्हणाल्या. मग त्यांना सिरिंज ओळखू आली, आणि त्या दारामागे सरकल्या.

सुचिता सिस्टरचा फोन तेव्हाच आला. गौरीने व्हिडिओ लावून तो समोर धरला, म्हणजे सिस्टरना आप्पांचा दंड दिसेल. सिस्टरनी आधी तेच विचारलं, आत काही गेलं का. मग सांगितलं की हेपारिन गोठलेलं रक्त फोडत नाही. नवं गोठू नये म्हणून ते असतं. नळी खरंच गाठीने बंद झाली असेल तर त्याचं औषध वेगळं, आणि ते फक्त हॉस्पिटलातच देतात. जोर लावला असतात तर नळी फुटली असती, नाहीतर गाठ सुटून पुढे गेली असती. तुंबलेली मोरी नाही ती आजोबा, म्हणाल्या.

“ठिबक,” आप्पा हळूच म्हणाले.

सिस्टरना ते ऐकू आलं नाही. त्या पुढचं विचारत होत्या. कातडीवर चिकटवलेली पट्टी सुटली आहे का? नव्हती. बाही कुणी काढली होती का, नळी कुणी ओढली का? गौरी म्हणाली, कुणीच नाही, बाहीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. ठीक आहे, सिस्टर म्हणाल्या, मग गाठच असणार, आजच घेऊन या, डॉक्टर बघतील पुढे काय करायचं ते.

आप्पांनी मोज्याकडे पाहिलं. त्यांच्याजवळ एक गोष्ट तयार होती. वानर आला, पोफळीवरून खाली उतरला, नळीला केळीचा तंतू समजून ओढून गेला. चांगली होती, सदानेही हो म्हटलं असतं. पण वानराने नळी ओढली म्हटल्यावर सिस्टर पुन्हा हॉस्पिटलच सांगणार हे आप्पांना कळत होतं.

“मी काढली होती बाही,” ते म्हणाले. “काल. पाहुण्यांना दाखवायला. तुझी पावलं वाजली म्हणून घाईने कोंबली परत.”

गौरी उठली. पुन्हा हात धुतले, आणि सिस्टर बघत असताना जाळीची बाही सबंध खाली गुंडाळली. शेपटी आत दुमडली होती. चिमट्याच्या मागे, सकाळी जिथे कुणी पाहिलं नव्हतं तिथे, ठिबकची नळी बंद करताना दुमडून दोरी बांधतात अगदी तशी. जाळीने ती दुमड घट्ट आवळून धरली होती. सदा म्हणाला, “आरं तिच्या.” गौरीने शेपटी सरळ केली, चीर वगैरे पडली नाही ना ते सिस्टरना सगळीकडून दाखवलं. मग नवीन सीलबंद सलाइन आणलं, आप्पांच्या डोळ्यांसमोर फोडलं, बूच घासलं, वाळू दिलं. चिमटा उघडून अंगठा टेकवला.

आप्पा नंतर सांगत की समुद्रसुद्धा थांबला होता, ओहोटीची वेळ असूनही.

दट्ट्या सरकला. लोणी कापल्यासारखा. तिने जरासा मागे ओढला तर सिरिंजच्या तोंडाशी लाल धागा आला, तो पाहून सिस्टर म्हणाल्या, झालं, औषध देऊन टाका, उशीर झालाय पण दिवस चुकलेला नाही. पुढच्या तपासणीला नळी एकदा नीट बघून घेऊ. आणि आजोबांचा उजवा हात बांधून ठेवा.

पातेल्यातलं पाणी काकू जास्वंदीला घालायला निघाल्या होत्या. गौरीने ते मोरीत ओतलं, सिरिंज आणि बाटली बंद डब्यात घालून वेगळी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी केतनकडे जाऊन त्याला जे सांगायचं ते सांगितलं. विमानतळाची गोष्ट तिला तिथे पहिल्यांदा कळली. घरी येऊन तिने आप्पांना त्याबद्दल काही विचारलं नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

त्या दिवसापासून सकाळच्या सोहळ्यात आप्पांना काम मिळालं. गौरी वेष्टन फोडायच्या आधी त्यांच्यापुढे धरी, आप्पा भिंग लावून मोठ्याने वाचत. “हेपारिन. दहा.” मग तारीख वाचत. मगच ती फोडे. पाहुणे आले तर आप्पा नळीची गोष्ट सांगत, पूर्वीपेक्षा लांब सांगत, पण बाही वर ओढून वरून पंचा गुंडाळून. दाखवा ना, असं कुणी म्हटलंच, तर म्हणत, तिला उजेड सोसत नाही.

औषध पुरं झालं. नळी काढली. डॉक्टरांनी पाऊल उलटंपालटं करून पाहिलं आणि पेन खिशातच ठेवलं.

पावसाआधी सदाने बोर्डो भिजवलं. नव्या पोफळींवर पहिले घड लागले होते, हिरवे, बोटाएवढे. आप्पा त्यांच्याखाली उभे होते, जाड तळव्याच्या नव्या चपला घालून. राखणदाराला त्यांनी त्याबद्दल आधीच हात जोडून सांगून ठेवलं होतं. पातं दाखवून झालं, लखलखीत निघालं. सदाने वरचं माप हातात घेतलं आणि आप्पांकडे पाहिलं. घालू का नको?

आप्पांनी पडवीकडे नजर टाकली. गौरी गणिताचं नवं पुस्तक वाचत बसली होती.

“घाल,” आप्पा म्हणाले. “झाडाचं झाडाला. पण पुन्हा पातं बुडव.”

सदाने बुडवलं. मग फवारता फवारता आप्पांनी त्याला सांगितलं की मोरीच्या पाण्यावर जी केळ आहे ना, तिचा ते पातेलं ओतलं त्या दिवसापासून चीक सुकत नाही. पान कापलं की आठवडाभर ठिबकतंय. सदाला मोरीजवळची केळ माहीत होती. त्याने परवाच तिचं पान कापलं होतं, आणि चीक तेव्हाच सुकला होता. तो व्हय म्हणाला आणि पंप मारत राहिला.